पार्कातल्या जेवणाचा तक्ता

रविवार, १० डिसेंबर १९९५. धुळ्याहून बस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली. हजर: महिला मंडळाच्या सदस्या एकतीस, सोबत आलेल्या आया आणि सासवा मिळून सात, अध्यक्षबाई, ड्रायव्हर आणि मी, चिटणीस. गैरहजर: एक, मुलीच्या बाळंतपणासाठी घरी थांबलेली.

हे माझ्या त्या वर्षीच्या डायरीतून उतरवलं आहे. त्याच पानावर खाली तांबड्या शाईने आणखी एक ओळ आहे: "अध्यक्षबाई – उपवास, ताट नको." ही ओळ लिहिण्यासाठी मी एक वर्ष थांबले होते.

आदल्या वर्षीपासून सांगते. नाशिकच्या रस्त्यावर तेव्हा नवीन मनोरंजन पार्क उघडलं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, कागदाच्या लगद्याचे हत्ती, आणि मध्यभागी राजवाड्यासारखं बांधलेलं रेस्टॉरंट. वाढपी फेटे बांधून, कमरेला खोट्या तलवारी लावून वाढायचे. पंचवीसच्या वर माणसं असतील तर जेवणाची मागणी दहा दिवस आधी पोस्टाने कळवावी लागे. त्यासाठी पार्कवाले एक छापील तक्ता पाठवत: नाव, साधं की जैन, तिखट की कमी तिखट, इतर सूचना. तक्त्यात नाव असलेल्या प्रत्येकाच्या ताटापुढे त्या नावाची चिठ्ठी उभी करून ठेवलेली असे. तक्त्यात नाव नसेल तर आत प्रवेश नाही, आणि बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. हे दोन नियम रेस्टॉरंटच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

त्या पहिल्या वर्षी तक्ता अध्यक्षबाईंनी भरला. मी साधी सदस्य होते. माझी आई साक्रीला भावाकडे असते. ती सहलीसाठी दोन दिवस आधी माझ्याकडे धुळ्याला आली होती. राजवाड्यात खुर्चीवर बसून जेवायचं, पुढे आपल्या नावाची चिठ्ठी, हे मी तिला सांगितलं तेव्हापासून ती एकच गोष्ट विचारत होती. "मन्हं नाव बी लिखतीन का?" तिने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं. लग्नकार्यातही ती शेवटच्या पंगतीला, चुलीजवळ. आपलं नाव लिहिलेल्या जागेवर बसून जेवणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, लिहितील ना, सगळ्यांचं लिहितात.

दारावर फेटेवाल्याने यादी वाचली. आईचं नाव नव्हतं.

अध्यक्षबाई पुढेच होत्या. त्यांनी मागे वळून अगदी सहज सांगितलं, "मावशींचं मीच नाही घातलं. म्हातारं माणूस, त्यांना काय झेपणार पार्कातलं? डबा आणला असेलच त्यांनी."

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"अहो, त्यात विचारायचं काय? माझ्या सासूबाईंचंही मीच ठरवते."

मी आईबरोबर बाहेर थांबते म्हणाले. आईने ऐकलं नाही. "तू जेव. माले भूक नही शे." ती कारंज्याजवळच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली आणि दशम्यांचा डबा उघडला. आत माझी जागा नेमकी काचेजवळ होती. मी जेवले, काय जेवले ते आठवत नाही. आई मधूनमधून काचेकडे बघत होती. परतताना बसमध्ये तिने विचारलं, चिठ्ठीवर नाव हाताने लिहिलेलं होतं की छापलेलं. मी म्हटलं, हाताने. मग ती साक्रीला परत जाईपर्यंत त्या विषयावर एक शब्द बोलली नाही.

मी मात्र बोलायला लागले होते, स्वतःशी. भांडी लावताना, ऑफिसात फायली लावताना. अध्यक्षबाईंना तोंडावर काय बोलायचं याची वाक्यं मी शंभरदा जुळवली असतील. त्यातलं एकही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तशीच मान वळवून, "अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय," म्हटलं असतं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असत्या. मला त्यांना नुसती नावाची चिठ्ठी असलेली खुर्ची आणि तिच्यापुढचं रिकामं टेबल दाखवायचं होतं.

एप्रिलमध्ये मंडळाची वार्षिक सभा झाली. चिटणीसपद कोणालाच नको असतं. पत्रं लिहा, फोन करा, बस ठरवा. मी हात वर केला. अध्यक्षबाई खूश झाल्या. "चला, एक काम हातावेगळं झालं," म्हणाल्या.

पहिलं काम म्हणून मी प्रत्येक सदस्येकडून माहितीचा कागद भरून घेतला. पत्ता, फोन, रक्तगट, जेवणात काय चालतं, काय चालत नाही, उपवास कोणते. खाली सही. अध्यक्षबाईंनी उपवासाच्या रकान्यात लिहिलं: "संकष्टी चतुर्थी. चंद्रोदयापर्यंत जेवण नाही. एकोणीस वर्षांत एकदाही मोडली नाही." हे त्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणाला ना कोणाला सांगायच्याच. आता ते त्यांच्या सहीनिशी माझ्या फाईलमध्ये होतं.

सहल डिसेंबरमध्ये, हे ठरलेलं. रविवार, हेही ठरलेलं. आमच्यातल्या निम्म्या नोकरीवाल्या. मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून डिसेंबरचे पाचही रविवार बघितले. दहा तारखेच्या चौकोनात चतुर्थीची खूण होती. मी सभेत नुसतं म्हटलं, "डिसेंबरचा दुसरा रविवार कसा आहे?" सगळ्यांनी होकार दिला. आमच्याकडे सभेत तारीख अशीच ठरते, पहिला रविवार, दुसरा रविवार. कॅलेंडर कोणी पिशवीत घेऊन येत नाही. ठराव लिहिला गेला आणि खाली अध्यक्षबाईंची सही झाली.

चतुर्थी धरणाऱ्या आणखी दोघी होत्या. त्यांचा यात काही दोष नव्हता, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन आधीच सांगितलं. त्यातली एक मुलीच्या बाळंतपणासाठी घरीच थांबणार होती. दुसरी म्हणाली, "मी जेवणार बाई तिथे. पुढच्या महिन्यात देवाला काय ते सांगेन. पण तू अध्यक्षबाईंना सांगितलंस का?"

"तक्त्यात लिहिणार आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चहा ठेवला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी तक्ता भरला. एकेक नाव फाईलमधल्या कागदाशी ताडून, सोबत येणाऱ्या आया-सासवांचं त्यांच्या मुली-सुनांना विचारून. अध्यक्षबाईंच्या नावापुढे: उपवास, ताट नको, खुर्ची आणि चिठ्ठी हवी. खुर्ची मधल्या टेबलाच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल अशी. शेवटी आईचं नाव. साधं जेवण, कमी तिखट, जागा काचेपासून लांब, आत. आईचा कागद फाईलमध्ये नव्हता. ती काही सदस्य नव्हती. तिचं मला माहीत होतं. तक्ता रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती डायरीत चिकटवली.

अध्यक्षबाईंच्या लक्षात चतुर्थी आली ती सहा तारखेला. त्यांचा फोन ऑफिसात आला.

"अहो, दहाला संकष्टी आहे. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"ठरावावर तुमची सही आहे."

"ते असू द्या हो. पार्कवाल्यांना कळवा, माझ्यासाठी साबुदाण्याचं वगैरे करा म्हणावं."

"दहा दिवस आधी कळवायचा नियम आहे. मागच्या वर्षी तुम्हीच वाचून दाखवला होता."

"डबा आणते मग मी."

"बाहेरचं आत चालत नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या दिवशी ऑफिसातून चालत घरी आले, रिक्षा केली नाही. इतकं छान वाटत होतं.

त्या येणार नाहीत अशी मला एकच भीती होती. पण पार्कचा मॅनेजर मोठ्या गटाच्या प्रमुखाला दारात फुलांचा गुच्छ देत असे आणि फोटो काढत असे. त्या आल्या. ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून आल्या.

दुपारी साडेबाराला आम्ही राजवाड्यात शिरलो. सगळं मी लिहिलं होतं तसंच होतं. मधल्या टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाईंची चिठ्ठी, तिच्यामागे पाण्याचा पेला, बाकी लाकूड. आजूबाजूला पुऱ्या, पनीर, वाटीत गुलाबजाम. त्या बसल्या. त्यांनी पेला उचलून परत ठेवला.

"अध्यक्षबाई, तुम्हाला काहीच नाही वाढलं?" समोरच्या बाईने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"चतुर्थी आहे ना आज."

"अगबाई. मग आम्हालाच कसंतरी वाटतंय तुमच्यासमोर खायला."

"वाटू देऊ नका," शेजारची म्हणाली. "त्यांची एकोणीस वर्षांची आहे. पुरी द्या इकडे."

दोघी-तिघी हसल्या. अध्यक्षबाईही हसल्या, पण ओठ घट्ट मिटून. मला वाईट वाटलं नाही. आज लिहितानाही वाटत नाही. मी त्यांच्याकडे मोकळेपणाने बघत होते, आणि त्यांनीही एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

मग मी आईची जागा बघायला वळले. ताट वाढलेलं होतं. चिठ्ठीवर तिचं नाव निळ्या शाईत, सुबक अक्षरात. खुर्ची रिकामी होती.

आई दाराशी उभी होती, हातात पिशवी.

"चल ना, बस. तुझी चिठ्ठी बघ."

"माले चतुर्थी शे," ती म्हणाली.

"तू कुठे चतुर्थी धरतेस?"

"आखाजीपासून धरेल शे. नातूनं दहावीनं वरीस शे ना." भावाचा मुलगा त्या वर्षी दहावीला होता, त्याच्यासाठी ती अक्षय्य तृतीयेपासून चतुर्थी धरत होती. हे मला माहीत नव्हतं. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू माले इचारं का?"

मी नव्हतं विचारलं. अडतीस बायकांच्या तिखटाची, दातांची, उपवासांची चौकशी मी केली होती.

मी म्हटलं, आई, आजच्या दिवस मोड, मी सांगते देवाला. तिने नकारार्थी मान हलवली. चंद्रोदय रात्री नवाच्या सुमाराला होता. बस पाचला निघणार होती. तिने आत येऊन चिठ्ठी बोटाने जरा फिरवून बघितली, परत होती तशी ठेवली. तिथून ती सरळ मधल्या टेबलाकडे गेली आणि अध्यक्षबाईंच्या खुर्चीशी उभी राहिली.

"चाल बाई, भाहेर. मन्हाजोडे शेंगदाणाना लाडू शेत. उपासले चालतस."

अध्यक्षबाई उठल्या. एवढ्या बायकांसमोर पाणी पीत बसण्यापेक्षा त्या कोणाहीबरोबर गेल्या असत्या. दोघी बाहेर जाऊन बाकावर बसल्या. तोच बाक, कारंज्याजवळचा. मी काचेतून बघत होते. आईने डबा उघडला, मध्ये ठेवला. थोड्या वेळाने आई काहीतरी बोलली. अध्यक्षबाईंचा हात लाडवासकट थांबला. त्यांनी मान खाली घातली. मग लाडू खाल्ला, आणि आणखी एक घेतला.

माझ्या ताटातला गुलाबजाम मी खाल्ला. आईच्या ताटातलं सगळं तसंच परत गेलं.

परतताना मालेगावच्या अलीकडे मी तिला विचारलंच. "तिला कशाला नेलंस बरोबर?"

"मांगला साल एकली बसनू. आवंदा सोबत व्हई."

"आणि काय बोललीस तिच्याशी?"

"काय बोलू? सांगं तिले, 'मांगला साल मी आठेच बसनू व्हतू. तू आतमा जेवत व्हती.'"

वर्षभर मी जे जुळवत होते ते तिने दोन वाक्यांत, लाडू पुढे करून, सांगून टाकलं होतं. अध्यक्षबाईंनी पुढच्या सभेत राजीनामा दिला. कारण लिहिलं, तब्येत. मी तो वाचून दाखवला आणि फाईलला लावला.

ती चिठ्ठी मी निघताना पर्समध्ये टाकली होती. घरी आल्यावर आईला दिली. तिने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "ताटम्होरे मांडेल चांगली दिसत व्हती." मग परत माझ्याच हातात दिली. ती आता माझ्या डायरीत आहे. दरवर्षी जुन्या डायरीतून नव्या डायरीत हलवते, आणि पहिल्या पानावरच्या कामांच्या यादीत तीच ओळ परत लिहिते: आईला पार्कात, आत, ताटावर. दोन वर्षं तिच्या गुडघ्यांनी गेली, एक भावाच्या घराच्या बांधकामात.

या वर्षी पार्कचा तक्ता पुन्हा आला आहे. नाव भरलं, साधं जेवण भरलं, कमी तिखट भरलं. इतर सूचनांच्या रकान्यासाठी, त्या दिवशी उपवास आहे का, हे साक्रीला फोन करून तिला विचारायचं आहे. परवापर्यंत तक्ता पोस्टात पडला पाहिजे. फोन अजून केलेला नाही.