गंजलेली स्प्रिंग

कतारगामात छर्र्याच्या बंदुकांच्या दुकानात एक खान्देशी माणूस बसतो. वर्षानुवर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काम केल्यामुळे तो "बसा, साहेब" हेसुद्धा गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून म्हणतो. स्वतःच्या कानांवर त्याचा भरवसा नाही. गिऱ्हाइकाला बंदूक भरायला लावतो आणि आपण दस्त्यावर तळवा टेकवून डोळे मिटतो. स्प्रिंग कशी आहे ते त्याच्या हाताला कळतं.

बँकेतून रिटायर झाल्यावर मला गच्चीवर रिकामे डबे मांडून नेम धरायची हौस आली. मी पितळी पट्टीची, चांगली जोरकस बंदूक पसंत केली. ती भरायला नळी वाकवून खाली दाबावी लागते. नळी अर्ध्यावर आली आणि माझा दुखरा खांदा थरथरायला लागला. दुकानात चार माणसं बघत होती.

"थांबा साहेब, जोर लावू नका!" तो ओरडला. "हिची स्प्रिंग गंजेल आहे. कोणाच्या बापाच्यानं दाबली जायची नाही." मग त्याने एक हलकी बंदूक माझ्या हातात दिली. "ही घ्या. अन् डब्यामागे वाळूची गोणी ठेवा, म्हणजे झालं."

हलकी मला छान जमली. पंधरा दिवसांनी छर्रे आणायला गेलो, तर तीच पितळी पट्टीची बंदूक तो एका दांडग्या गिऱ्हाइकाला दाखवत होता.

"स्प्रिंग एकदम नवी छे, शेठ!" त्याचं गुजराती रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी पायरी चढलो. त्याने मला पाहिलं, आणि पुढचं वाक्य तो चक्क गिऱ्हाइकाच्या कानात बोलला.