अप्पांच्या नावानं गेलेला मेल

ज्या ऑफिसातून माझ्या बहिणीला बेईमान म्हणून बाहेर काढलं, त्याच ऑफिसात मेल सर्व्हर बसवायला मी गेले. आधीच सांगून टाकते, चांगल्या मनानं गेले नाही.

मी पत्रकं लिहिते. बऱ्हाणपूरच्या केळीमंडीत बायकांसाठी मुतारी नाही, काढा पत्रक. गटाराचं पाणी सरळ तापीत, काढा पत्रक. त्यावर पोट भरत नाही, म्हणून एका कॉम्प्युटरच्या दुकानासाठी केबल ओढते, कॅमेरे लावते, ऑफिसांची नेटवर्क उभी करते.

बहीण माझ्याहून मोठी. निंबोल्याच्या रस्त्यावर केळीची एक फर्म आहे, तिथे ती कॉम्प्युटरवर बसायची. मालकाला सगळे अप्पा म्हणतात. अप्पांना टाईप करता येत नाही. ते बोलायचे, ती लिहायची, खाली अप्पांचं नाव. त्या घराण्याचा रिवाजच तो. पत्र कुणीही लिहो, नाव थोरल्याचं. पोस्टकार्डाच्या काळात हे खपून गेलं असेल. पण मेल आला तरी रिवाज तोच. अख्ख्या फर्मला मिळून फुकटातला एक मेल, अप्पांच्या नावाचा. पासवर्ड म्हणजे कुलदेवीचं नाव. तो देवघरापासून तोलकाट्यापर्यंत सगळ्यांना पाठ.

मग त्या गाडीचं प्रकरण झालं. दिल्लीसाठी भरलेला ट्रक. ट्रान्सपोर्टवाल्याला अप्पांच्या नावानं मेल गेला की गाडी कानपूरला वळवा. गाडी पोचेपर्यंत तिथला भाव पडलेला, तिथल्या पार्टीनं माल उतरवून घ्यायला नकार दिला, आणि उन्हाळ्याच्या तापात केळी उभ्या गाडीतच पिकून काळी पडली. अप्पा म्हणाले, मी असं बोललोच नाही. मग बोललं कोण?

अप्पांचा पुतण्या गाड्या भरण्याचं काम पाहतो. त्याला सगळे भैया म्हणतात. सगळ्या स्टाफसमोर, हमालांसमोर तो म्हणाला, "मशीनवर कोण बसतं? हीच ना? समोरच्या व्यापाऱ्याला मिळालेली असेल."

बहीण म्हणाली, "भैया, पासवर्ड तर सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्हालाही."

"मले नको विचारू बाप्पा. मले मेल-बिल काही समजत नाही. मी मंडीचा माणूस."

लोक हसले. ती त्याच दुपारी घरी आली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी एक पत्रक काढून मोकळी झाले असते. पण ती शाहपुरात एका ठिकाणी काम विचारायला गेली, तेव्हा तिथल्या मालकानं मोबाईल तिच्यापुढे धरला. अप्पांच्या नावाचा मेल. उस लड़की को हमने निकाल दिया है, आप भी सावधान रहें. हा मेल साऱ्या व्यापाऱ्यांना गेलेला. त्यानंतर बऱ्हाणपुरात ती जिथे जिथे गेली तिथे "पाहू" एवढंच ऐकलं. तिचं नाव गेलं. आमच्याकडे बाईचं नाव एकदा असं गेलं की कामही जातं, आणि शेजारीण दारात उभी राहून विचारते, "काय ताई, घरीच का आजकाल?"

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. टाईप करणारी तर बाहेर काढली होती. मग हा मेल टाईप कुणी केला? एवढ्या मोठ्या गावात हा प्रश्न एका शहाण्यालाही पडला नाही.

काही महिन्यांनी आमच्या दुकानाला ते काम मिळालं. फर्मला आता माल परदेशी पाठवायचा होता, आणि तिकडची पार्टी फुकटातल्या पत्त्यावरून आलेला मेल धरेना. मी प्रामाणिकपणे सांगितलं की बाहेरच्या कंपनीकडे मेल ठेवलेला सोपा पडेल. अप्पांना ते पटलं नाही. त्यांना मशीन डोळ्यांसमोर हवी होती. "आपलं टपाल आपल्या घरात," म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघितलं.

"तू तिची बहीण ना?"

"हो."

"काम नीट करशील?"

"तुमच्या माणसांपेक्षा नीट करीन."

भैया दारातच उभा होता. "अप्पा, ही तर झेंडेवाली आहे. उद्या आपल्याच दारात नारे देईल."

"देईन ना," मी म्हटलं, "पण आधी तुमचा सर्व्हर लावते."

खरं सांगते, मनात काय काय आलं. मशीन माझ्या हातात. एक चोरदरवाजा ठेवला असता, घरी बसून सगळ्यांचे मेल वाचले असते. ठेवला नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. चोरून आणलेला पुरावा उद्या पुन्हा आमच्याच गळ्यात पडला असता. "बघा, दोघी बहिणी सारख्याच." मला ते नको होतं. माझा संशय भैयावर होता. मला त्याचं तोंड चारचौघांत काळं झालेलं हवं होतं, आणि तेही त्याच्याच हातानं.

म्हणून मी सर्व्हर असा बांधला की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि कॅमेरे एका बाजूला, मेलची मशीन वेगळ्या जाळ्यात, मध्ये फायरवॉल. बाहेरून येणारे सगळे दरवाजे बंद, मेलला लागतात तेवढेच उघडे. कुणी परका आमच्या मशीनवरून तिसऱ्याला मेल ढकलू शकतो का, हे बाहेरच्या लाईनवरून स्वतः करून पाहिलं. डोमेनच्या नोंदीत जगजाहीर लिहिलं की या फर्मच्या नावानं मेल पाठवायचा हक्क फक्त या मशीनला, आणि निघणाऱ्या प्रत्येक मेलवर मशीनची मोहोर बसेल. कुलदेवीला पासवर्डाच्या कामातून मुक्त केलं.

आणि प्रत्येकाला वेगळा डबा दिला. म्हणजे वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. वर एक नियम घातला, की ज्या डब्यातून लॉगिन केलंय त्याच नावानं मेल निघेल. दुसऱ्याच्या नावानं पाठवायला गेलात तर सर्व्हर नाही म्हणेल. हे मी अप्पांना चालू करण्याआधी बसून समजावलं. तुमच्यासाठी टाईप करायला जो मुनीम बसेल तो तुमच्यासमोर, तुमच्याच डब्यातून करेल. दुसरं कुणी तुमच्या नावानं लिहू शकणार नाही.

"म्हणजे रिवाज मोडला," अप्पा म्हणाले.

"ज्यानं गाडी पिकवली त्यानं मोडला, अप्पा."

त्यांनी मान हलवली.

चालू करायच्या दिवशी पूजा झाली. मशीनच्या पंख्यासमोर उदबत्त्या खोचत होते, त्या मी बाजूला सरकवल्या. नारळ फुटला, सगळ्यांना पेढे मिळाले. अप्पांनी बोलून पहिला मेल लिहून घेतला, तो गेला. सगळे खूश. मी अजून अप्पांच्या केबिनमध्येच सेटिंग तपासत बसले होते, तेवढ्यात भैया मोबाईल नाचवत आत आला. मागे ट्रान्सपोर्टचा माणूस. बाहेर भरलेली गाडी उभी.

"ए, हे काय करून ठेवलं? अप्पांच्या नावानं मेल जाऊ नाही राह्यला!"

"तुमच्या डब्यातून जाणार नाही. तुमच्या नावानं पाठवा, लगेच जाईल."

"माझ्या नावाला कोण विचारते तिकडे? पार्टीले अप्पांचं नाव लागते!"

"मग अप्पांना सांगा. ते पाठवतील."

"अप्पा काय पाठवतील? अप्पाले टाईप येते का?" तो आता अप्पांच्या टेबलावर हात आपटून माझ्यावरच ओरडत होता, अप्पा तिथे बसलेत हेसुद्धा विसरून. "किती साल झाले, गाड्यांचे मेल मीच टाकतो अप्पांच्या नावानं! या मोबाईलवरून! माझ्या मेलशिवाय या गेटातून एक गाडी हलली नाही. एक बी नाही! आणि तू कोण आली नियम सांगणारी?"

ऑफिसात जो पेढा खात होता त्याचा हात तसाच राहिला.

अप्पा म्हणाले, "एक बी नाही?"

भैयाला अजून कळलं नव्हतं. "नाही तर काय!"

"मग कानपूरची?"

आता कळलं. त्याचं तोंड मी पाहिलं, डोळे भरून पाहिलं. ज्याला मेल-बिल काही समजत नव्हतं तो मंडीचा माणूस शब्द शोधत होता. "तिकडे... भाव चढलेला होता अप्पा. मले वाटलं, दोन पैसे जास्तीचे..."

"आणि त्या पोरीचं नाव कशाला घेतलं?"

त्यानं मोबाईल खिशात घातला.

अप्पांनी भैया आणि मी सोडून बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मला म्हणाले, "बेटा, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे. तिला उद्यापासून पाठव. तिची खुर्ची तिचीच."

"नाही."

"काय नाही?"

"तिला काढलं सगळ्यांसमोर. मग यांनीच तुमच्या नावानं मेल टाकून बदनाम केलं साऱ्या व्यापाऱ्यांत. आणि परत घेणार गुपचूप? ते नाही चालणार, अप्पा. ज्यांना ज्यांना तो मेल गेला त्या सगळ्यांना आज नवा मेल जाईल. यांच्या डब्यातून, यांच्या नावानं. आणि बाहेर गेलेत त्यांना आत बोलवा. त्यांच्यासमोर."

"आणि नाही केलं तर?"

"तर मी उद्या मंडीच्या गेटवर पत्रक वाटीन. मला लिहिता येतं, तुम्हाला माहीत आहे."

अप्पांनी स्वतः उठून दार उघडलं.

भैया टाईप करायला बसला. मी त्याच्या खांद्यामागे उभी. स्टाफ भिंतीला टेकून. त्यानं लिहिलं, गलतफहमी के कारण.

"'गलतफहमी' खोडा," मी म्हटलं.

"मग काय लिहू?"

"'झूठ' लिहा."

त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेरच्या गाडीकडे बघत होते. त्यानं 'झूठ' लिहिलं. मग 'किसी ने' लिहिलं. तेही खोडायला लावलं, 'मैंने' करायला लावलं. एकेक शब्द असा ओढून काढला त्याच्याकडून. इतकी पत्रकं लिहिली, पण इतक्या चवीनं एकही लिहिलं नव्हतं. त्यानं पाठवायचं बटण दाबलं आणि मेल सुटला. मशीननं त्याच्या नावावर मोहोर मारली.

लोक मला विचारतात, एवढं पुरलं ना? नाही पुरलं. ती जितके महिने घरात बसून शेजारणींना उत्तरं देत होती, ते महिने मेलनं परत येत नाहीत. त्याला फर्ममधून कुणी काढलं नाही, घरचाच तो. अजून गाड्या भरतो.

पण बहीण तिकडे परत गेली नाही. ज्या शाहपूरच्या मालकानं तिला मोबाईल दाखवला होता, त्यानं 'झूठ'वाला मेल वाचून स्वतः फोन केला. त्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आता माल कधी आत घ्यायचा, कधी बाहेर सोडायचा हे ती ठरवते. भैयाच्या फर्मला परदेशी माल पाठवायचा तर जागा तिच्याकडे मागावी लागते. मेलनं. स्वतःच्या नावानं. 'आदरणीय मॅडम, कृपया' अशी सुरुवात करून.

ती त्याला ताबडतोब उत्तर देते. मला ते सहन होत नाही. मी म्हटलं, "थोडा लटकव ना त्याला, दुपारपर्यंत तरी."

"चल, हट," ती म्हणाली. "माल गरम होतो."

तरी संध्याकाळी घरी आली की मी विचारते, आज आला का त्याचा? ती मोबाईल माझ्याकडे फेकते, आणि मी 'आदरणीय मॅडम' मोठ्यानं वाचते, दार उघडं ठेवून, शेजारणीला ऐकू जाईल असं.