मान खाली घालून चालवलेली सायकल

आमच्या घराण्यात कॉलेजात शिकलेली पहिली मी. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, चांगलं ठणकावून सांगते. माझ्याआधी घरातलं जे कोणी कॉलेजात गेलं, ते कॅन्टीनला दूध घालायला.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आमची वस्ती येडगाव धरणाच्या पाण्याला लागून आणि कॉलेज जुन्नरला. सायकलवर तासाच्या वरची वाट. एस.टी. होती, पण ती तिच्या सोयीनं यायची. फिजिक्सचं प्रॅक्टिकल सकाळी पहिलंच असायचं आणि सर आत गेले की दाराला कडी. पावसाळाभर वारा डोंगराकडून यायचा, म्हणजे नेमका माझ्या तोंडावर. वीस किलोची काळी सायकल, मागे कॅरिअर, पुढे वेताची टोपली, गळ्यात फडफडणारी ओढणी. मी सायकल चालवत नव्हते, शिडाचं जहाज उलट्या दिशेनं ढकलत होते. दिवाळीपर्यंत त्या बंद दाराचा रंग मला तोंडपाठ झाला.

मग हजेरी कमी भरली. टर्म मिळणार नाही असं सरांनी सांगितलं. टर्म गेली की वर्ष गेलं, आणि घरातला करार साधा होता. माझे वडील, आबा, पहिल्याच दिवशी बोलले होते, "शीक. पण एक बी वरीस गेलं, तर कालेज बंद." काकीकडे ओतूरचं एक स्थळ तयारच होतं. मुलाची दहावी राहिली होती, पण त्याच्याकडे कोणी हजेरी मागत नव्हतं.

वाट काढली ती खेळाच्या सरांनी. तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळानं धरणावर तिहेरी शर्यत ठेवली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मुलींच्या गटात पहिल्या तिघींत जी येईल ती जिल्ह्याच्या संघात, आणि संघातल्या खेळाडूला हजेरीची सूट. सर म्हणाले, "पोहायला येतं ना तुला?"

धरणाच्या काठावर जन्मलेल्या पोरीला हा प्रश्न. मी म्हटलं, "येतं. पळायलाही येतं. सायकलचंच तेवढं वाऱ्याशी पटत नाही."

दुसऱ्या मुली कोण येणार हे मग कळलं. माझ्याच वर्गातली, बाजारपेठेतल्या मारवाडी कापडवाल्यांची मुलगी गिअरची सायकल आणणार होती. ती मनानं चांगली. म्हणाली, "अगं, दोन दिवस माझी सायकल चालवून तर बघ." चालवली. उतरावंसं वाटेना, म्हणून लगेच परत केली. तसली सायकल घ्यायची म्हणजे आमच्या गोठ्यातली एक म्हैस कमी. म्हशीचं मत कोणी विचारलं नाही, पण आबांचं मला ठाऊक होतं.

तेव्हा मी फिजिक्सचं पुस्तक उघडलं. वेग दुप्पट केला की वारा चौपट अडवतो, एवढं त्यात होतं. गिअर विकत घ्यावा लागतो, वारा टाळणं फुकट. मी पाना घेतला आणि जे जे वाऱ्याला आडवं येत होतं ते काढत गेले. टोपली, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, डायनॅमो, घंटी. सायकल सोललेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. काकी म्हणाली, "भंगारवाला आला व्हता का दारात?"

हँडल उलटं करावं तर ब्रेकच्या सळया आडव्या येत होत्या. म्हणून द्राक्षबागेतून काढून टाकलेल्या जाड नळीचे दोन तुकडे घेतले, उभे चिरले, आत जुनी गोधडी बसवली आणि हँडलवर बांधले. त्यावर कोपरं टेकायची, नळीच्या पुढं वळवलेल्या टोकांना धरायचं आणि पाठ आडवी करायची. तारांनी वारा घुसळू नये म्हणून मागच्या चाकावर खताची रिकामी गोणी दोन्ही बाजूंनी ताणून शिवली. आबा गोठ्यातून बघत होते.

"चाकाला खत घालती व्हय? सायकल वाढंल का त्यानं?"

"वाढणार नाही, आबा. पळेल."

"मंग बैलाला बी एक गोणी बांध."

पुढच्या चाकालाही एक गोणी बांधून बघितली होती. कालव्याच्या भरावावर बाजूनं वारा आला आणि मला सायकलसकट कोणाच्या तरी कांद्यात नेऊन ठेवलं. पुढची गोणी त्याच संध्याकाळी परत वैरणीला.

कुठली युक्ती उपयोगाची आणि कुठली नुसती शोभेची, हे कळायला यंत्र नव्हतं. पण वस्तीवर उतार होता. वरून पायडल न मारता सायकल सोडायची आणि आपोआप कुठं थांबते ते बघायचं. ताठ बसून सोडली की ती बाभळीपाशी दम टाकायची. टोपली-कॅरिअर काढल्यावर बाभळीच्या जरा पुढं. गोणीनं फरक पडला तो बहुतेक आवाजाचाच. पण ओढणी घरी ठेवून, सलवार पोटऱ्यांपाशी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधून, पाठ आडवी करून सोडली, तर मोरी ओलांडून थेट पारापर्यंत. म्हणजे सगळ्यात मोठी सुधारणा बिनपैशाची निघाली. खाली वाकायचं आणि फडफडणारं काही अंगावर ठेवायचं नाही.

पारावर बसलेल्यांना यात विज्ञान दिसलं नाही. "पोरीला ब्रेक लावता येत न्हाई वाटतं," एकजण म्हणाला. दुसऱ्याची तक्रार वेगळी होती. "हे असं आडवं पडून सायकल चालवणं बरं दिसतं का, राव?"

आता गंमत बघा. पोरीनं मान खाली घालून जावं, हे या पारानं मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून शिकवलं होतं. आज घातली खाली, तर ती फारच खाली गेली म्हणे. आईला हे सांगितलं. तिनं माझा जुना कुर्ता मशीनवर घेतला आणि बाजूनं चार बोटं आत घालून शिवून दिला. शिवताना एवढंच म्हणाली, "फाटला तर लाज जाईल. दोनदा टीप मारली हाय."

शर्यत सकाळी सातला होती. सातला वारा झोपलेला असतो आणि पाणी आरशासारखं. पण प्रमुख पाहुणे यायचे होते. आमच्याकडे पाहुण्यांशिवाय नारळ फुटत नाही, आणि नारळाशिवाय कोणी पाण्यात पडत नाही. पाहुणे नऊनंतर आले. मग शाली, फेटे, भाषणं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे ट्रॅक्टरच्या एका मोठ्या दुकानाचे मालक. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंनी ग्रामीण भागातल्या मुलींच्या गतीविषयी इतक्या सावकाश भाषण केलं की नारळ फुटेस्तोवर अकरा वाजत आले आणि धरणावर वारा उठला.

पोहण्यात मी पहिली बाहेर आले. त्याचं कौतुक नको, शाळा सुटल्यावर आम्ही दुसरं केलंच काय होतं? सायकलपाशी धावले, तर तिथं एक कार्यकर्ता टी-शर्ट घेऊन उभा. पांढरा, घोळदार, माझ्यासारख्या दोघी मावतील असा. पाठीवर आणि छातीवर भाऊंच्या दुकानाचं नाव.

"ताई, हा घालूनच जायचं."

"सायकल झाल्यावर घालते."

"तसं न्हाई चालत. फोटोवाला सायकलपाशीच थांबलाय."

वारा टाळण्यासाठी एवढे दिवस खपले, आणि मंडळानं मला फुकटात पॅराशूट दिलं. ओल्या कुर्त्यावर ते चढवलं. पहिल्याच वळणाला वारा आत शिरला आणि शर्ट फुगून हनुवटीला लागला. गिअरवाली मैत्रीण मागून आली, पुढं गेली. जाताना ओरडली, "तुझा तंबू झालाय गं!" तिचाही झाला होता, पण तिला गिअर होते.

मी थांबले. हो, शर्यतीत थांबले. पोटऱ्यांना दोन-दोन पट्ट्या होत्या, त्यातली एकेक सोडली. एक छातीखाली बांधली, एक कमरेला. तेवढ्यात बाकीच्याही पुढं निघून गेल्या. शर्ट अंगाला बसला, दुकानाचं नाव घड्यांत गेलं. मग कोपरं टेकली, मान खाली घातली, आणि धरणाच्या भिंतीवर समोरून येणाऱ्या वाऱ्याला पहिल्यांदा धरायला काही सापडलं नाही. बाकीच्या मुली ताठ बसलेल्या, शर्ट फुगलेले. पांढरे तंबू एकेक करून मागे पडत गेले. गिअरवालीला ओलांडताना मी फक्त "येते गं" म्हटलं. पाहुणे वेळेवर आले असते तर वारा नसता, आणि मग गिअरपुढं माझं काय चाललं असतं? पाहुण्यांच्या त्या उशिराचे उपकार मी आजही मानते.

धावण्यात घोडेगावकडच्या एका मुलीनं मला गाठलं. ती पहिली, मी दुसरी, मैत्रीण तिसरी. खेळाचे सर नाचायचे तेवढे राहिले. आणि भाऊ तिथं आले.

"हिचा नंबर धरता येणार न्हाई," ते म्हणाले. "शर्टावरचं नाव दिसलंच न्हाई. नियम हाय."

सर हात जोडून म्हणाले, "भाऊ, पोरीचं वर्ष जाईल."

"आन् माझं नाव गेलं त्याचं काय?"

गर्दीत आबा होते. मला वाटलं, आता हे मान हलवतील आणि ओतूरचं स्थळ आजच पक्कं होईल. आबा पुढं आले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"भाऊ, नाव दिसलं पायजे ना? मंग पोरगी पुन्यांदा जाईल तुमच्या म्होरून. शर्ट मोकळा सोडून. नाव वाचून हुईस्तोवर सायकल हळू चालवंल. हाय का नाय, पोरी?"

भाऊंना ते पटलं. फोटोवाल्याला तर पटलंच.

मी पट्ट्या सोडल्या, ताठ बसले, छाती पुढं काढली आणि स्टेजसमोरून गेले. समोरचा वारा इतका होता की सायकल जवळजवळ उभीच होती. लोकांनी खऱ्या शर्यतीत वाजवल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या वाजवल्या. पारावरचा एकजण म्हणाला, "आता कसं बरं दिसतं!"

टर्म मिळाली. पुढं पदवीही मिळाली. सायकलला मडगार्ड परत बसलं, पण नळीचे तुकडे राहिले, आणि पुढच्या पावसाळ्यात प्रॅक्टिकलचं दार मला उघडं सापडायला लागलं.

तो फोटो भाऊंनी चौकटीत घालून घरी पाठवला. अजून भिंतीवर आहे. आलेल्या पाव्हण्याला आबा दाखवतात, "ही आमची पोरगी, पैली आलती तवाचा." दुसरी आले होते हे मी दर वेळी सांगते, ते दर वेळी ऐकत नाहीत. फोटोत माझं तोंड दिसत नाही, शर्ट फुगून वर आलाय. दुकानाचं नाव मात्र अक्षर न् अक्षर वाचता येतं. आयुष्यात मी सगळ्यात हळू सायकल चालवली ती त्या क्षणी, आणि शर्यतीचा पुरावा म्हणून घरात तो फोटो तेवढा आहे.