ब्रेक दाबायला माणूस

माझी गाडी सतरा वर्षांची आहे, आणि पहिल्या चार सर्व्हिसिंग सोडल्या तर तिला मी सोडून दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही, असं मी परवापरवापर्यंत छाती पुढे काढून सांगत असे. चौथ्या सर्व्हिसिंगला काचेच्या केबिनमधल्या पोरसवदा साहेबानं माझ्यापुढे बिल सरकवलं. त्यात एअर फिल्टर बदलल्याचं लिहिलं होतं. मी तिथंच बॉनेट उघडलं, धुळीनं काळा झालेला फिल्टर उपसून त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा नवीन का? मग जुना कसा दिसतो तुमच्याकडे?" त्यानंतर मी त्या दारात पाऊल ठेवलं नाही.

खडकीच्या फॅक्टरीत मी इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. असा माणूस गाडी दुसऱ्याच्या हातात देणार कशी? शिवाय पैसे वाचत होते, हे खरं कारण. लेक तेव्हा बारा वर्षांची होती, कात्रजचा फ्लॅट नवीन होता, हप्ता डोक्यावर होता. मग दर सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरायची आणि कामाला लागायचं. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेकचे शू, सगळं मी हातानं केलं. सोसायटीतले लोक येता-जाता म्हणत, "काय, आज पुन्हा ऑपरेशन?" मी म्हणायचो, "पेशंट अजून जिवंत आहे, तुमच्या नव्या गाडीची काळजी घ्या." असं बोलल्यावर माणसं थांबत नाहीत. मलाही तेच हवं असायचं.

एकच काम असं आहे की ते एका माणसाच्यानं होत नाही. ब्रेकचं ऑइल दोन वर्षांनी बदलावं लागतं आणि बदलताना नळ्यांत हवा राहता कामा नये. त्यासाठी एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकामागे आडवं पडून तिथला छोटा नट जरा सैल करायचा, म्हणजे जुनं ऑइल बाहेर येतं. नट आवळायचा, मगच आतल्यानं पाय उचलायचा. पुन्हा दाबायचं. अशी चारी चाकं. आणि हे चालू असताना बॉनेटखाली ऑइलची एक छोटी बाटली असते, ती भरत राहायची. ती रिकामी झाली की उलट हवाच आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात.

आत बसायची माझी बायको. तिला गाडी चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवर ती आयुष्यात बसली ती फक्त ब्रेक दाबायला. साडी सावरून, चपला बाहेर काढून, अनवाणी. तिचे वडील मार्केट यार्डात मापाडी होते, धान्य मापून देणारे. माप मोजताना पहिल्या मापाला ते लोक 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. ही सवय तिनं माहेराहून आणली ती शेवटपर्यंत टाकली नाही. पोळ्या असोत, इस्त्रीचे कपडे असोत, गोळ्या असोत, लाभ म्हणूनच सुरुवात. ब्रेकही तसाच. मी चाकाखालून ओरडायचो, "दाब!" वरून आवाज यायचा, "लाभ." मी नट सैल करून आवळायचो, "सोड!" पुन्हा "दाब!", "दोन." असं करत आठ झाले की तिचा पाय थांबायचा आणि ती म्हणायची, "आठ. अहो, बाटली."

आठ दाबांत बाटली तळाला जाते हे तिनं पहिल्याच वेळी हेरलं होतं. मी चाकाखालून चिडून म्हणायचो, "मला कळतं गं! मी काय काल आलोय?" आणि उठून बाटली भरायचो. लेक शेजारी टॉर्च धरून उभी असायची, ती फिदीफिदी हसायची.

बायकोला जाऊन आता सव्वा वर्ष झालं.

लेक बंगळूरला असते. दर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिचा फोन येतो. या वर्षी तिनं धोशाच लावला होता, "बाबा, गाडी विका. तुमची पाठ, तुमचे गुडघे. कुठे जायचंच झालं तर मी इथून रिक्षा बोलावून देईन, दारात येईल." एकदा माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "ज्या दिवशी गाडीचं काम मला एकट्याला जमणार नाही, त्या दिवशी चावी तुझ्या हातात. बास?" ती म्हणाली, "बास. शब्द दिलाय हं." मुलगी माझीच आहे, शब्द लक्षात ठेवते.

खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. गाडी गेली तर मला खाली उतरायला निमित्तच उरत नाही. दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते, भाजी लिफ्टनं येते, पेन्शन मोबाइलवर दिसते. एखाद्या आठवड्यात मी मोठ्यानं बोललेलं एकमेव वाक्य 'चल, झालं तुझं' हे असतं आणि तेही बॉनेट बंद करताना. घरात मला कोणाची गरज नाही आणि कोणाला माझी नाही. त्या पत्र्याच्या डब्याला तरी आहे. मला गाडी द्यायची नव्हती. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर.

आणि नेमका ब्रेक मऊ लागायला लागला. दोन वर्षं होऊन गेली होती, ऑइल बदलायलाच हवं होतं.

आता आमच्या सोसायटीत माणसं नाहीत असं नाही. पार्किंगच्या तोंडाशी रोज सकाळी एक मास्टर बसलेले असतात, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. मास्टर म्हणजे टेलर मास्टर. भवानी पेठेत त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं, नजर अधू झाल्यावर मुलानं बंद करायला लावलं. मुलगा-सून नोकरीला गेले की हे उन्हाला खाली येतात. माझ्या बायकोचे ब्लाउज इतकी वर्षं त्यांनीच शिवले. ती त्यांच्यापाशी तासभर उभी राहून बोलायची. मी जाता-येता मान हलवायचो, ते कपाळाला हात लावायचे, एवढाच आमचा व्यवहार. मी जॅक लावताना त्यांनी विचारलं, "साहेब, काही धरू का?" मी म्हणालो, "नको. माझं मी करतो." शब्द दिला होता ना, एकट्यानं करायचा.

आधी मी फरशी पुसायच्या वायपरचा दांडा सीट आणि ब्रेकच्या मध्ये ठोकून बसवला. नट सैल केला की ब्रेक खाली जायचा आणि दांडा धाडकन पडायचा. तीन वेळा पडला. मग मी नटाला नळी लावली, तिचं दुसरं टोक ऑइलच्या डब्यात बुडवलं, नट जरासा सैल ठेवून आत जाऊन बसलो आणि स्वतःच हळूहळू ब्रेक दाबला. उतरायचं, वाकून बघायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा दाबायचं. गुडघ्यांनी माझे बाराच वाजवले. पण चारी चाकं झाली. ब्रेक पाच-सहा वेळा भराभर दाबला तर घट्ट लागला. मी म्हणालो, "चल, झालं तुझं." मोबाइल काढून लेकीला लिहिलं, 'ब्रेक ओके. एकट्यानं.' पुढे अंगठाही टाकला.

मग गाडी बाहेर काढली. आमच्या पार्किंगमधून गेटकडे थोडा उतार आहे. उताराला लागल्यावर मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला, जमिनीपर्यंत. काहीच नाही. मी हँडब्रेक खेचला, गाडी घसरत गेली आणि काड्‌काड् आवाज झाला. लाल खुर्ची बंपरखाली गेली होती.

दार उघडून उतरायला पाय उचलेना. मास्टर खुर्चीत होते की नव्हते हे मला आठवेना. मग भिंतीपाशी नळावरून आवाज आला, "साहेब, खुर्ची जुनीच होती." ते पाणी प्यायला उठले होते. अर्ध्या मिनिटापूर्वी उठले होते. हातात पेला घेऊन ते तसेच उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी 'माफ करा' एवढंही म्हणालो नाही. वॉचमननं आणि मी गाडी ढकलून जागेवर लावली आणि मी वर निघून गेलो.

दोन दिवस खाली उतरलो नाही. लेकीला लिहायला घेतलं, 'गाडीला गिऱ्हाईक बघ', आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. चूक कुठे झाली ते शोधत बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःची काढायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती सापडली. मी बाटली भरलीच नव्हती. एकदा सुरुवातीला भरली, मग चढ-उतर, वाकणं, बघणं, यात बाटलीची आठवणच झाली नाही. ती मध्येच कधीतरी कोरडी पडली असणार आणि मी मोठ्या निगुतीनं नळ्यांत हवा भरत बसलो.

इतक्या वर्षांत बाटलीची आठवण मला कधी स्वतःहून झालीच नव्हती. होणार कशी? वरून कोणीतरी सांगत होतं. माझा ब्रेक लागायचा तो तिच्या मोजण्यावर, आणि मी समजत होतो माझ्या हातावर. चहा गाळणीतून ओट्यावर सांडत राहिला आणि मी रडलो. अंत्यविधीला रडलो नव्हतो, तिथं लोक होते.

अकरा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. मास्टर भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मास्टर, परवा माझं चुकलं. फार चुकलं." ते खुर्चीला हात लावून म्हणाले, "ही मजबूत आहे. ट्रकखाली घालायची का आता?" मला हसू आलं. मग जे म्हणायला खाली उतरलो होतो ते म्हणालो. "ब्रेक दाबायला माणूस पाहिजे. येता का?"

"पायाचं काम ना?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मशीन पायानंच चालवलंय."

ते आत बसले. बसताना चपला बाहेर काढल्या. मी बाटली काठोकाठ भरली, चादरीवर आडवा झालो, पाना नटावर बसवला. म्हणालो, "मी 'दाबा' म्हटलं की दाबून धरायचं, 'सोडा' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. आणि जरा मोजा. आठ झाले की मला सांगायचं."

"बरं."

"दाबा."

वरून आवाज आला, "लाभ."

पाना माझ्या हातातून निसटला. ब्रेकचं तेल हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी नट आवळला आणि चाकाखालूनच विचारलं, "मास्टर, काय म्हणालात?"

"काय म्हणालो? पहिला."

"तुम्ही लाभ म्हणालात."

ते म्हणाले, "अहो, ती वहिनींची सवय. ब्लाउजचे हुक माझ्याकडून मोजून घ्यायच्या, एक म्हणू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, मास्टर, एकानं सुरुवात करू नका, एकटं वाटतं. बसलं ते माझ्या तोंडात. मग टाके पण तसेच मोजायला लागलो. सोडू का?"

"सोडा," मी म्हणालो. दुसऱ्या 'दाबा'ला मात्र मला बराच वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

आठव्याला ते थांबायचे आणि मी उठून बाटली भरायचो. एक अक्षर उलट बोललो नाही. चारी चाकं झाली, ब्रेक दगडासारखा लागला. उतारावर दहा वेळा बघितला, मग डेअरीपर्यंत जाऊन आलो. मास्टर शेजारी बसून आले.

रविवारी दुपारी फोन आला. लेक म्हणाली, "गाडी काय म्हणतेय? ब्रेक ओके ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी तिला सगळं सांगितलं. दांडा, कोरडी बाटली, खुर्ची, मास्टर, आठ. लाभचं सांगताना मध्ये दोनदा खोकलो. शेवटी म्हणालो, "तर ठरल्याप्रमाणे चावी तुझी. एकट्याला जमलं नाही मला."

ती म्हणाली, "बाबा, ते काम तुम्ही एकट्यानं कधी केलं होतं?"

मी आठवून बघितलं. सतरा वर्षांत एकदाही नाही.

"नाही केलं," मी म्हणालो.

"मग राहू दे चावी तुमच्याकडे. पण एकट्याला जमत नाही, हे आईला कधी म्हणालात का?"

उत्तर तिला ठाऊकच होतं. टॉर्च धरून ती तिथंच उभी असायची. तिच्या आईला मी इतक्या वर्षांत चाकाखालून एकच म्हणालो होतो, मला कळतं गं, मी काय काल आलोय.