भेंडीच्या भावाखालची बातमी

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही कोणाचं पोर परीक्षेला बसलं, की घाम फुटतो तो गोव्यातल्या धारगळच्या हमरस्त्यावर बसलेल्या एका माणसाला. हा माणूस माझा साडू. आता साडूविषयी कोणी चांगलं लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. नाही लिहीत. साडू ही जात देवाने लग्नकार्यात एकमेकांची पंगत चुकवण्यासाठी निर्माण केली आहे. पण माझ्या साडूची गोष्टच निराळी. हमरस्त्याच्या कडेला त्याचा भाजीचा मांडव आहे. वर झावळ्यांचं छप्पर, खाली दोन बाकडी, घरच्या मळ्यातली भेंडी, मिरची, तवशी म्हणजे गावठी काकडी, उन्हाळ्यात कलिंगडांचा डोंगर, आणि पुढ्यात मोडक्या खुर्चीला टेकवलेला, शाळेने टाकून दिलेला काळा फळा. फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर भाजीचे भाव. उजव्या अर्ध्यावर जग.

त्याचं असं झालं. साडूची एकुलती एक मुलगी एका परदेशी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर निवडली गेली. ही शिष्यवृत्ती म्हणजे देशोदेशीची हुशार पोरं एकेक करून वेचून आणायची, एका वसतिगृहात घालायची आणि चार वर्षं शिकवायची, असा कारभार. मुलीने विषय घेतला तोही मातीचा. ‘माती शिकाक गेलां,’ साडू गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘हंयची माती संपली म्हणान.’ तोंडावर अशी बेफिकिरी. पण ती गेल्यावर महिनाभर त्याने सगळी कलिंगडं टिचकी मारून न बघताच विकली, आणि याहून मोठं दुःख धारगळात कोणी पाहिलेलं नाही.

मुलगी पहिल्यापासून अबोल. शाळेत बाईंनी नाव विचारलं तर वहीचं वेष्टण पुढे करायची. तिकडे गेल्यावर तिचा रोज सकाळी फोन यायचा, अगदी न चुकता, पण तीन वाक्यांचा. ‘बरां आसंय. जेवलंय. ठेवतंय.’ साडू ‘आयक गे’ म्हणेपर्यंत पलीकडे सामसूम. चार वर्षांचे सगळे फोन एकावर एक रचले असते तरी एक पोस्टकार्ड भरलं नसतं. लेक जगाच्या दुसऱ्या टोकाला आणि बातमी म्हणून हाताशी फक्त एवढं, की ती जेवली.

अशा वेळी त्याच्या हाती लागलं शिष्यवृत्तीचं बातमीपत्र. महिन्यातून एकदा ते सगळ्या पोरांच्या आईबापांना ईमेलने येतं: कोण पास झालं, कोणी भाषण केलं, वसतिगृहात कुठला सण झाला. ते इंग्रजीत, म्हणून त्यात मी शिरलो. मी पाळी गावच्या एका खाणीवर तीस वर्षं काट्याचा कारकून होतो. ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो. एक किलो कधी इकडचा तिकडे केला नाही. पण माणसाच्या अंगात वाढवून सांगायची म्हणून जी हौस असते ती कुठेतरी खर्ची पडायलाच हवी. माझी सगळीच्या सगळी बोलण्यासाठी शिल्लक राहिली. खाण बंद झाल्यावर मला काम नव्हतं आणि साडूला दुभाषी नव्हता. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी डिचोलीहून बस पकडून धारगळ गाठायचं, बाकड्यावर बसून छापून आणलेलं बातमीपत्र मराठीत वाचायचं आणि साडूने खडू घेऊन ते आपल्या बोलीत फळ्यावर चढवायचं, असा शिरस्ता पडला.

चढवायचं तेही कसं, तर शेजारच्या भाजीची ओळ जोडून. ‘मलावीच्या ग्रेसक गणितात पैलो नंबर. भेंडी ताजी.’ ‘मंगोलियाच्या झिलाची सायकल चोरीक गेली. कलिंगड गोड.’ मोप्याच्या विमानतळावर भाडी घेऊन जाणारे टॅक्सीवाले आधी नुसते हसायचे; मग गाडी हळू करून वाचू लागले; मग विमान चुकेल म्हणून मागचा प्रवासी ओरडत असतानाही खाली उतरून पुढचं विचारू लागले. ‘काकानु, ती सायकल गावली काय?’ एकदा तर हायवेवरचा हवालदार थांबला. त्याने फळा वाचला, खिशातून डायरी काढली आणि विचारलं, ‘कंप्लेंट दिली हा?’ साडूने त्याला सायकलीचं वर्णन दिलं. निळा रंग, घंटा मोडकी. हवालदाराने ते लिहून घेतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निळा रंग आणि मोडकी घंटा बातमीपत्रात नव्हती, ती वाचताना माझ्याकडून पडली असावी. पण पुढच्या महिन्यात सायकल सापडली हे मात्र छापील सत्य आहे, आणि त्याचं श्रेय पेडणे पोलिसांना मिळू नये असं मला तरी वाटत नाही.

नुसत्या बातम्यांवर भागलं असतं तर तो माझा साडू कसला. मांडवाच्या मागे वडाखाली राष्ट्रोळ्याची, म्हणजे आमच्या राखणदार देवाची, छोटी घुमटी आहे. आमच्याकडे कोणावर संकट आलं, कोणाची परीक्षा असली, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाणं घालायचं तर माणसाचं गाव आणि त्याची देवता सांगावी लागते, नाहीतर देवाने कृपा पाठवायची कुठे? तेव्हा साडूने लेकीला फर्मावलं, की तुझ्याबरोबरच्या सगळ्या पोरांची ग्रामदैवतं विचारून कळव. ती तीन वाक्यांची मुलगी कशी वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून हिंडली असेल, देव जाणे. पण यादी आली. मंगोलियाच्या पोराने एका डोंगराचं नाव दिलं होतं. डोंगर म्हटल्यावर साडू निश्चिंत झाला. ग्रेसने तिच्या गावच्या चर्चातल्या मेरीमातेचं नाव दिलं. ‘म्हणजे सायबीण,’ साडू म्हणाला. ‘म्हापशाची सायबीण ती शिरगावच्या लईराई देवीची भयण. म्हणजे ग्रेस आमच्याच सोयऱ्यांतली.’ एका जर्मन मुलाने मात्र देव वगैरे काही नाही, असं लिहून पाठवलं होतं. साडूने यादीतलं त्याचं नाव बोटाने धरून ठेवलं. ‘गावाभायलो एकटोच पडलो मगे तो,’ तो म्हणाला. ‘घाल तेका आमच्या राष्ट्रोळ्याच्या वळीत. एक झील देवाक जड नाय.’ तेव्हापासून दर परीक्षेच्या मोसमात वडाखाली गाऱ्हाणं सुरू झालं. ‘बा देवा महाराजा, मंगोलियाचो झील आज पेपराक बसता, तेका याद येऊ दे रे महाराजा.’ आणि टॅक्सीवाले, हवालदार, भाजी घ्यायला आलेल्या बायका, सगळे एका सुरात, ‘व्हय महाराजा.’

माझी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, या सगळ्याकडे पाठ करून मिरच्यांचे देठ खुडत बसायची. ‘भावजी, ह्यांच्या हातातली चाय निवान पाणी झाली ती ह्यांका कळना नाय,’ ती मला म्हणायची, ‘पण मंगोलियात कोण शिंकलो तां बरोबर कळता.’

‘तां शिंकल्यार कळतलां कसां?’ साडू फळ्याकडे बघत म्हणायचा. ‘तां सांगणा खंय.’

तां म्हणजे त्याची लेक. खरी मेख इथेच होती. साऱ्या दुनियेची पोरं फळ्यावर झळकत होती, फक्त हिचं नाव बातमीपत्रात येत नव्हतं. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी वाचायला लागलो की तो खडू हातात घेऊन उभा राहायचा, आणि मी शेवटची ओळ वाचली की क्षणभर तसाच थांबायचा, पान उलटायचं राहिलं असेल तर म्हणून. एकदा बातमी आली, की बोलिव्हियाच्या पोराने वसतिगृहाच्या जेवणावळीत साठ माणसांना बटाटे करून घातले. साडू भडकला. ‘साठ माणसांचे बटाटे एकट्यान सोलले? आमचां चेडू खंय होतां?’ दुसऱ्या दिवशी सकाळच्या फोनवर, तिसऱ्या वाक्याच्या आत, त्याने तो प्रश्न खुपसला आणि त्याला चौथं वाक्य मिळालं. ‘बटाटे मियाच सोलले.’ तो धावत मला फोन करून सांगू लागला. मी म्हटलं, मग लिही की फळ्यावर. तर नाही. ‘छापून इल्लां न्हय, साडूभाऊ. आपल्या पोराचां आपणच लिवलां तर ती बातमी न्हय, ती बढाई.’ आणि फळ्यावर बोलिव्हियाचंच नाव राहिलं.

तिसऱ्या वर्षी मला ते बघवेना. एका रविवारी ग्रेसच्या बातमीनंतर मी कागदावरून नजर न हलवता वाचलं, ‘भारतातल्या गोव्यातून आलेल्या मुलीने मोठ्या सभेत मातीविषयी भाषण केलं. लोकांनी उभं राहून पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या.’ साडूने काही विचारलं नाही. त्याने इतक्या सावकाश लिहिलं, की खडूचा एकही तुकडा पडला नाही. मग त्याने कलिंगडांचा डोंगर फोडला. तासाभरात धारगळच्या हमरस्त्यावर लाल तोंडाचा नाही असा एकही माणूस उरला नाही. हवालदार दोन फोडी टोपीत घालून घेऊन गेला. मी संध्याकाळच्या बसने डिचोलीला परतलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा खोट्याचं वजन नक्की किती भरतं ते मला कळलं, आणि काट्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते आधी कळायला हवं होतं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी गेलो तर भाषणाची ओळ नव्हती. आजूबाजूचं सगळं जसंच्या तसं. तेवढी एक ओळ अंगठ्याने पुसलेली. साडूने माझ्यापुढे चहा ठेवला. ‘साडूभाऊ,’ तो म्हणाला, ‘चेडवाची बातमी बरी होती. पण पाच मिनिटां टाळये जास्त झाले.’

मी म्हटलं, तिला विचारलंस काय?

‘विचारूक कित्याक होयां? नाव विचारल्यार वही दाखयता तां, सभेत काय बोलतलां?’ मग चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला, ‘कलिंगडां वाटली ती वाटली. लोकांनी खाल्ली, बरां झालां. पण परत वाढवन सांगू नको. बाकीच्यांचां कितक्याय वाढय. तेचां नको.’

चौथं वर्ष सरत आलं. शिक्षण संपलं, की बातमीपत्र बंद होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते चालू विद्यार्थ्यांच्या घरच्यांनाच येतं. म्हणजे आता एकच अंक उरला होता. त्या रविवारी बाकड्यांवर जागा नव्हती. कोणी बोलावलं नव्हतं, पण टॅक्सीवाले होते, हवालदार ड्यूटीवर नसताना आला होता, आणि मेव्हणीच्या मांडीवर मिरच्या होत्या पण ती देठ खुडत नव्हती.

अंकाच्या पहिल्याच पानावर तिचं नाव होतं. बातमी नव्हती, तिने स्वतः लिहिलेला लेख होता. मी वाचायला लागलो. तिने लिहिलं होतं, की मला बोलता येत नाही, पण माझ्या वडिलांचा एक फळा आहे. आमच्यातलं कोणी पहिलं आलं तर ते भेंडीच्या भावाशेजारी लिहिलं जातं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बातार, म्हणजे मंगोलियाचा तो सायकलवाला, माझ्या दारात येतो आणि विचारतो, तुझ्या वडिलांना माझा पेपर उद्या आहे हे सांगितलंस ना. ज्याला देव नव्हता त्या मुलाने खोलीच्या भिंतीवर धारगळचा नकाशा लावला आहे. बातमीपत्रवाल्यांनी दोनदा माझ्याविषयी लिहायचं म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. माझी जागा दुसऱ्या कोणालातरी द्या, म्हणजे फळ्यावर एक नाव वाढेल. मी रोज फोनवर कमी बोलते, कारण जास्त बोलले तर रडू येईल आणि मग वडील दिवसभर कलिंगडं न तपासता विकतील.

एवढंच होतं. मी माझ्याकडून एक अक्षर घातलं नाही. घालायला जागाच नव्हती. वाचून संपलं. मग मेव्हणीने एक मिरची उचलून तिचा देठ खुडला आणि म्हणाली, ‘कलिंगडाचां तेका कोणी सांगलां?’

‘तूच सांगलंय आसतलंय,’ साडू म्हणाला. ती नाही म्हणाली नाही.

आता तर छापून आलं होतं. मी खडू पुढे केला. पण तो गडी घेईना. एवढा मोठा लेख फळ्यावर मावायचा नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, भेंडी निवडायची राहिली आहे. तीन दिवस फळ्याचा उजवा अर्धा कोरा होता आणि गिऱ्हाइकं बिचकत भाजी घेत होती, जसं काय घरात कोणी आजारी असावं. चौथ्या दिवशी मेव्हणीचा मला फोन आला, की लिहिलंय. डाव्या बाजूला, भावांच्याच रांगेत, भेंडीच्या खाली आणि भेंडीपेक्षा बारीक अक्षरात एक ओळ.

‘आमचां चेडू बरां आसा.’

त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगी तिकडेच नोकरीला लागली आहे, दुसऱ्यांच्या शेतांतली माती तपासते. बातमीपत्र बंद झालं. ग्रेस, बातार आणि तो जर्मन झील कुठे कुठे गेले ते तिला माहीत असेल, पण तीन वाक्यांत ते मावत नाही. मी अजून पहिल्या रविवारी बसने जातो, सवयीने. वाचायला काही नसतं. आम्ही चहा पितो, त्याचा निवून पाणी होतो. साडू रोज सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसतो, भाव बदलतो, पण ती एक ओळ सोडून भोवतीनं पुसतो.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो फळ्यापुढे उकिडवा बसून त्याच ओळीवरून पुन्हा खडू फिरवत होता, जुन्या अक्षराबाहेर खडू जाऊ न देता. एक टॅक्सीवाला थांबला. त्याने भेंडी घेतली, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काय काकानु, कितके दीस तीच बातमी. नवीन काय ना?’

‘ही नवीच,’ साडू मागे न बघता म्हणाला. ‘आताच फोन इल्लो.’