पांढऱ्या पुडीचा निधी

"सरकारकडे पैसा नाही," असं कुणी म्हटलं की आमच्या डॉक्टरबाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "पैसा आहे हो. त्याला आपला पत्ता ठाऊक नाही, एवढंच."

पत्ता म्हणजे तंजावरचं आमचं आरोग्य कार्यालय. त्या तिथल्या अधिकारी, मी खरेदीचा कारकून. दोघंही इथल्याच मराठी घरांतले. तंजावरात मराठी पुरुष म्हटला की 'राव', मग नाव काही असो. त्यामुळे मी त्यांचा राव आणि त्या माझ्या अक्का. चारचौघांत आम्ही तमिळ बोलायचो, सरकारी भांडण इंग्रजीत करायचो आणि वरिष्ठांची थट्टा तेवढी मराठीत. ती तिथे तिसऱ्या कुणाला कळत नसे, हा पूर्वजांचा आमच्यावर मोठाच उपकार.

आमच्याकडच्या साथीच्या रोगांच्या वॉर्डात नळ नव्हता. पाणी बादल्यांनी न्यावं लागे. अक्का दर वर्षी वर लिहायच्या आणि दर वर्षी उत्तर यायचं, तरतूद नाही.

मग केबल टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. परदेशात कुणीतरी टपालातून रोगजंतूंची पांढरी पूड पाठवत होतं. दिल्ली घाबरली, चेन्नई घाबरली आणि जैविक दहशतवादाशी मुकाबला करायला आमच्याकडे चक्क निधी आला. न मागता! सोबत सूचना होत्या: खास पोशाख घ्या, मुखवटे घ्या, वॉर्ड सज्ज ठेवा.

अक्कांनी पत्रक पुन्हा वाचलं. "राव, 'वॉर्ड सज्ज' यात नळ बसतो का रे?"

"बसवला तर बसतो, अक्का."

"मग बसव."

थोडे पोशाख घेतले. उरलेल्या पैशांत टाकी, नळ, न्हाणीघर.

काही दिवसांनी चेन्नईहून एक साहेब रंगीत तालीम बघायला आले. मलमपट्टी करणाऱ्या आमच्या ड्रेसरला पोशाख घातला. अंगणात एक फेरी मारून तो पोशाखातून बाहेर निघाला तो इडलीपात्रातून काढल्यासारखा. साहेबांचं समाधान झालं नाही. "पोशाख एवढेच? नळाने अतिरेकी पकडणार आहात का? हा खर्च मी नामंजूर करीन. वसुली तुमच्याकडून होईल."

अक्कांची निवृत्ती जवळ आली होती. पेन्शनच अडकली असती. त्या मात्र माझ्याकडे वळून नम्रपणे मराठीत म्हणाल्या, "चेहरा बघ, नासक्या ताकासारखा." साहेबांना वाटलं, माफी मागताहेत. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टपाल कचेरीतून फोन आला. एक पाकीट फुटून पांढरी पूड एका वयस्क पोस्टमनच्या अंगभर उडाली होती. आम्ही पोचलो तर सगळे रस्त्यावर, पोलीस त्यांच्याही मागे आणि आत तो एकटा, हात पंखांसारखे पसरून उभा.

अक्कांनी पोशाख चढवला. "पोशाखाची थट्टा केली म्हणून तो घालायचा नाही, एवढी मी मूर्ख नाही," असं पुटपुटत आत गेल्या. त्याला वॉर्डात आणलं, कपडे पिशवीत बंद केले आणि नळाखाली साबणाने खसखसून आंघोळ करायला लावली. उरलेली पूड चेन्नईला तपासायला गेली.

"अम्मा, मी मरणार का?" तो रडत विचारत होता.

"बयप्पडादींग," अक्का म्हणाल्या. घाबरू नका. मग जरा थांबून, "पूड कसली ते मला अजून माहीत नाही. पण औषध सुरू केलंय, आणि उत्तर येईपर्यंत मी इथून हलत नाही."

खरंच हलल्या नाहीत. दारात खुर्ची टाकून बसल्या. तो सारखा कॉफी मागायचा, आली की पातळ आहे म्हणायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं. अक्कांनी दारातूनच वराची सगळी चौकशी केली आणि नापसंती कळवली. मी दिलेला डबा त्यांनी न उघडताच खुर्चीखाली ठेवला. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "कॉफी फार झाली रे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेन्नईचा फोन आला. ती विभूती होती! कुणा भाविकाने देवळातून जावयाला पाठवलेला प्रसाद.

पोस्टमन ताडकन उठून बसला. "म्हणजे मी देवाची विभूती मोरीत सोडली? पाप लागणार, अम्मा!"

"लागू दे," अक्का म्हणाल्या. "त्याचीही वसुली माझ्याकडूनच होईल." आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. बराच वेळ पुसत होत्या.

वर्तमानपत्रात आमच्या सज्ज वॉर्डाचं कौतुक छापून आलं. त्यात चेन्नईच्या साहेबांच्या दूरदृष्टीचाही उल्लेख होता. नामंजुरीचा विषय मग कुणी काढला नाही. पुढच्या पावसात ओरत्तनाडूकडून जुलाबाचे रोगी आले आणि वॉर्ड भरून गेला. अतिरेकी काही आला नाही.

निवृत्तीच्या दिवशी अक्कांनी घरी सोडणारी सरकारी जीप नाकारली. तिरुवैयारुच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या, गळ्यात भलामोठा हार. निरोपाचं एक वाक्य मी सकाळपासून घोळवत होतो. ते घेऊन खिडकीपाशी गेलो, तर बस सुटायच्या आधीच बाईंना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हाराची फुलं श्वासाबरोबर वरखाली होत होती.

मी हाक मारली नाही. बस निघून गेली, आणि मग भेट काही झाली नाही.