आधी साक्ष, मग शपथ

रोज सकाळी दुकानात पाऊल टाकलं की मुजीबचाचा आधी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून. मोमिनपुऱ्यात चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. शाळांची रजिस्टरं, कुराणाचे सुटे झालेले भाग, मदरशातले कायद्याचे जाडजूड ग्रंथ. ग्रंथ उसवण्याआधी ते वाचून काढत. उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकं ओरडत, चाचा हसत.

सरिता त्यांच्याकडे पानं दुमडायला आणि शिवायला होती. उमरेडच्या बौद्ध घरातली, पदरात एक मुलगी, भैरवी.

एके दिवशी वरच्या मजल्यावरची सफूराबी तणतणतच दुकानात आली. तिची सोन्याची बाळी हरवली होती, आणि आदल्या दिवशी तिच्या नळावर कळशी भरायला सरिताच वर गेली होती.

“घेतली नसशील तर पोरीच्या डोक्याची कसम खा. आत्ता.”

सरिताने काहीच घेतलं नव्हतं. पण भैरवी दोन दिवस घरी तापाने फणफणत होती, आणि तिच्या डोक्याची कसम खायची म्हटल्यावर सरिताची जीभच उचलेना. दारात जमलेल्या बायकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावून टाकला. हे काम गेलं, या गल्लीतलं आपलं नाव गेलं, एवढंच तिला कळत होतं.

चाचांनी हातातली सुई खाली ठेवली.

“काहून घाबरवून राहिली वं तिले, सफूरा? आपल्या शरियतीत लेकराच्या डोक्याची कसम नसते, कसम फक्त अल्लाची. अन् पहिला नंबर तिचा नाही, तुझा हाये. आरोप करते त्यानं साक्ष आणायची. साक्ष नसली, तरच नाही म्हणणाऱ्याले कसम मागायची.”

“साक्ष कुठून आणू? मीच खाते कसम. पन्नास खाते! आहेत ना कायद्यात, पन्नास कसमा?”

“त्या खुनासाठी हायेत. मुर्दा सापडला अन् मारणारा माहीत नसला तर. तुझी बाळी मेली नाही बाई, हरवली हाये.”

दारातली एक बाई फिस्सकन हसली.

“बरं, खाय. एकच खाय.” चाचा आता हसत नव्हते. “पण ‘मले वाटते’ याची कसम नसते. सरिताले बाळी उचलताना मी डोळ्यानं पाहिलं, असं अल्लाचं नाव घेऊन म्हण.”

सफूराबीने ओढणी डोक्यावर सारखी केली. खोट्या कसमेचं ओझं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

“पाहिलं तर नाही,” ती शेवटी म्हणाली.

“मग संपलं. नुसत्या शकावर तिलेही कसम मागता येत नाही. तरी शक असला तर ठाण्यात जा. मी ना काजी, ना पोलीस.”

ती ठाण्यात गेली नाही. सरिताने मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, कितीतरी वेळ मारतच राहिली. परत येऊन सुई ओवली तेव्हा दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.

बाळी काही सापडली नाही. आठवड्याने सफूराबीनेच जिन्यावरून हाक मारली, “पाणी आलं गं, कळशी आण.”

चाचा मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी घरी निघताना त्यांनी दुकानाची किल्ली सरिताच्या हातात ठेवली होती.

“उद्या मले उशीर होईन,” ते म्हणाले. “तूच उघडजो.”